गटात गणित: काम कोणावाचून अडतं?

"आज गणिताच्या तासाला सरांनी गट केले होते."
"मग काय केलंत?"
"तिने सोडवलं, आम्ही उतरवून घेतलं."

हा संवाद ज्या घरात झाला नाही असं शाळकरी मुलाचं घर सापडणं कठीण. तो ऐकून पालकांच्या मनात दोनपैकी एक शंका येते. आपली मुलगी त्यातली 'ती' असेल, तर तिने इतरांचं ओझं का वाहायचं? आणि आपलं मूल त्या 'आम्ही'मधलं असेल, तर ते शिकलं काय? शिक्षकांना विचारावं तर उत्तर मिळतं की गटात काम केल्याने मुलांना गणिताची गोडी लागते. पालक मान डोलावतात, पण मनातून त्यांना हा तास घालवायचा एक सुशिक्षित मार्ग वाटत असतो.

गंमत अशी की दोघांच्याही बाजूने भक्कम पुरावा आहे. गटात मुलं जास्त शिकतात हे दाखवणारे प्रयोग आहेत, आणि गटात माणसं अंग चोरतात हे दाखवणारेही आहेत. दोन्ही खरे आहेत. एकाच वर्गात, एकाच आठवड्यात दोन्ही घडू शकतं. फरक नेमका कशाने पडतो, ते या लेखात बघायचं आहे.

आधी 'प्रेरणा' या शब्दाचं बघू

"मुलांमध्ये प्रेरणाच नाही" असं आपण म्हणतो, तेव्हा प्रेरणा म्हणजे टाकीतलं इंधन असल्यासारखं बोलतो. कोणाची टाकी भरलेली, कोणाची कोरडी. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मांडलेलं चित्र वेगळं आहे. माणूस एखादं काम आपणहून करतो तेव्हा तीन गोष्टी जुळून आलेल्या असतात, असं ते म्हणतात. काम कसं करायचं यात आपलं थोडंतरी चालतं. ते आपल्याला जमतंय असं वाटतं. आणि भोवतालच्या माणसांत आपण उपरे नाही असंही वाटतं. कामातल्याच आनंदासाठी काम केलं तर तिला आंतरिक प्रेरणा म्हणतात. गुण, बक्षीस किंवा ओरड्याच्या धाकाने केलं तर बाह्य प्रेरणा. पारिभाषिक शब्द एवढेच, पुढे 'गोडी' आणि 'आमिष' म्हटलं तरी भागेल.

आमिषाने गोडी लागत नाही, उलट कधीकधी असलेली उडते. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढण्यात रमणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र झाल्यावर ते अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. थोड्या दिवसांनी, कुठलंही बक्षीस नसताना, मोकळ्या वेळात कोण किती चित्रं काढतं ते पाहिलं. बक्षिसाचा सौदा आधी ठरवलेल्या मुलांनी चित्रांना दिलेला वेळ इतरांच्या जवळपास निम्म्यावर आला होता. 'ज्या गटाचं आधी होईल त्याला तारा' असं फळ्यावर लिहिण्याआधी हा प्रयोग आठवावा.

तिन्ही गोष्टींत गणितापुरती मधली सगळ्यात नाजूक असते, ती म्हणजे जमण्याची. इतिहासाच्या धड्यात एक पान डोक्यावरून गेलं तरी पुढचं पान वाचता येतं. अपूर्णांक डोक्यावरून गेले की टक्केवारी, गुणोत्तर, बीजगणित सगळंच लंगडं होतं. कॅनडात सुमारे दीड हजार मुलांना पहिली ते चौथीपर्यंत तपासत गेलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आधीच्या यशावरून पुढच्या आवडीचा अंदाज बांधता येत होता, पण आधीच्या आवडीवरून पुढच्या यशाचा नाही. म्हणजे "आधी गणित आवडलं पाहिजे, मग येईल" ही आपली लाडकी समजूत निदान त्या वयात तरी उलटी निघाली. जमलं की आवडतं.

मग गटाचं काम मुलांना मजा वाटावी एवढंच कसं असेल? एकट्याला न जमलेलं काही गटात जमलं पाहिजे, आणि त्या जमण्यात आपला हात होता हे प्रत्येकाला कळलंही पाहिजे.

'यांना अभ्यासाची इच्छाच नाही'

या विषयातली माझ्या मते सगळ्यात बोलकी गोष्ट शाळेतली नाही, विद्यापीठातली आहे. १९७०च्या दशकाच्या मध्याला कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात युरी ट्राइसमन नावाचा तरुण गणितज्ञ शिकवत होता. पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात (कॅल्क्युलसमध्ये) तिथले कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत, तर चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले गुण मिळवत. असं का होतं, हे त्याने प्राध्यापकांना विचारलं. उत्तरं साधारण ठरलेली होती: त्यांच्यात प्रेरणा कमी, पाया कच्चा, घरून पाठबळ नाही, पैशाची ओढाताण.

ट्राइसमनने या उत्तरांवर विसंबून राहण्याऐवजी दोन्हीकडचे वीस-वीस विद्यार्थी घेतले आणि वर्षभराहून अधिक काळ ते अभ्यास कसा करतात ते त्यांच्या खोलीत, ग्रंथालयात जाऊन पाहिलं. प्राध्यापकांची एकेक अटकळ कोसळत गेली. हे विद्यार्थी आपापल्या शाळांमधले हुशार म्हणून आलेले होते. घरच्यांनी त्यांच्यासाठी खूप खस्ता खाल्ल्या होत्या. आणि आळशी तर ते मुळीच नव्हते. शिक्षकांनी सांगितलेला आठवड्याचा आठेक तासांचा अभ्यास ते इमानेइतबारे करत होते. फक्त तो एकट्याने करत होते. वीसपैकी अठरा जण वर्गातल्या कोणाबरोबरही कधीच अभ्यासाला बसत नव्हते. एकट्याने अभ्यास करूनच ते शाळेत पुढे आले होते, ती सवय इथे त्यांच्या मुळावर आली.

चिनी वंशाचे विद्यार्थीही आधी एकटेच बसत, पण संध्याकाळी एकत्र जमत. एकमेकांची उत्तरं पडताळत, चूक कुठे झाली ते शोधत, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत. सगळं मिळून आठवड्याचे चौदाच्या आसपास तास होत. एखादं उदाहरण कोणालाच सुटलं नाही की त्यांना कळे की ते खरंच अवघड आहे. एकट्या बसलेल्याला मात्र वाटे की आपणच मठ्ठ आहोत.

हे शेवटचं वाक्य जरा थांबून वाचण्यासारखं आहे. अडलेलं उदाहरण दोघांपुढे सारखंच असतं. एकाला त्यातून उदाहरणाबद्दल काहीतरी कळतं, दुसऱ्याला स्वतःबद्दल. आणि स्वतःबद्दल कळलेलं ते चुकीचं असतं.

ट्राइसमनने मग कार्यशाळा सुरू केली, पण ती कच्च्या मुलांच्या जादा वर्गासारखी नव्हती. नेहमीच्या वर्गापेक्षा अवघड उदाहरणं दिली, लहान गटांत दिली, आणि हे तुम्ही चांगले आहात म्हणून आहे असं सांगितलं. त्या विद्यार्थ्यांच्या निकालात इतका फरक पडला की पुढे अनेक विद्यापीठांनी हा नमुना उचलला. ज्यांच्यात इच्छाच नाही असं ठरवून लोक मोकळे झाले होते, त्यांना इच्छा कोणी शिकवली नव्हती. अडल्यावर कोणाकडे वळायचं याची सोय तेवढी केली होती.

दोर ओढणारी माणसं

आता नाण्याची दुसरी बाजू. मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मोजणीत असं दिसलं की माणसं वाढवत गेलं तसा एकूण जोर वाढतो, पण दरडोई जोर घटत जातो. काही घट समजण्यासारखी होती: सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत, तोल जुळत नाही. पण घट एवढ्यामुळेच होती का?

१९७९ मध्ये बिब लाताने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे वेगळं करून दाखवलं. त्यांनी लोकांना जमेल तितक्या जोरात ओरडायला आणि टाळ्या वाजवायला सांगितलं. सहा जणांच्या गटात प्रत्येकाचा आवाज एकट्याच्या आवाजाच्या ४० टक्क्यांवर आला. मग त्यांनी एक युक्ती केली. डोळ्यांवर पट्टी, कानांवर हेडफोन, आणि माणसाला सांगायचं की तुझ्याबरोबर आणखी पाच जण ओरडताहेत. प्रत्यक्षात तो एकटाच ओरडत होता, त्यामुळे ताळमेळ बिघडायचा प्रश्नच नव्हता. तरीही आवाज एकट्याच्या ७४ टक्क्यांवर घसरला. ही घसरण निव्वळ अंग चोरण्याची. बहुतेकांना आपण अंग चोरतोय हे कळतही नाही, म्हणून यात शिव्या देण्यासारखं काही नाही.

दोन वर्षांनी याच मंडळींनी दाखवलं की प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं लोकांना वाटलं, की अंग चोरणं जवळपास थांबतं.

एक कपाट जिन्यावरून वर न्यायचंय असं समजा. चौघांनी चार कोपरे धरले आहेत. एकाने हात सैल सोडला तर कपाट लगेच कलंडतं, सगळे त्याच्याकडे बघतात, आणि त्यालाही कळतं की आपल्यावाचून अडलं. आता भरलेल्या सभागृहात टाळ्या वाजवणारी माणसं आठवा. मधल्या रांगेतल्या एकाने हात नुसते जुळवून धरले तरी कोणाला पत्ता लागत नाही. गटाला दिलेलं उदाहरण कपाटासारखं आहे की टाळ्यांसारखं, यावर पुढचं सगळं ठरतं.

गणितात घोडं कुठे पेंड खातं

गणिताची एक गोष्ट इतर विषयांहून वेगळी आहे. कवितेचा अर्थ लावताना चौघांची चार मतं असू शकतात, आणि चारही टिकू शकतात. गणितात एकाने बरोबर उत्तर काढून दाखवलं की बाकीच्यांना ते पटतं, मतदान घ्यावं लागत नाही. पाचामुखी परमेश्वर हे गणिताला लागू नाही. पाचही मुखं चुकीचं बोलू शकतात आणि कोपऱ्यातलं सहावं बरोबर असू शकतं.

ही गणिताची मोठी ताकद आहे. पण गटात तीच उलटते. एकाला सुटलं की सगळ्यांना सुटल्यासारखंच असतं, मग बाकीच्या तिघांनी डोकं का चालवायचं? निबंध चौघांत लिहायचा तर निदान चार परिच्छेद तरी लागतात. उत्तर '४२' एकच असतं, आणि ते उतरवून घ्यायला दोन सेकंद पुरतात.

त्यामुळे नेहमीच्या स्वाध्यायातली वीस उदाहरणं चौघांत देणं हे गटकार्य नाही. मुलं ती पाच-पाच वाटून घेतात किंवा एकीकडे सोपवून मोकळी होतात. यात मुलांचा दोष मला दिसत नाही. काम तसंच होतं, आणि त्यांनी शहाण्या माणसासारखं वागून कमीत कमी कष्टात ते उरकलं.

एकट्याला पुरून उरेल असं उदाहरण

मग दुसऱ्या प्रकारचं काम कसं असतं? आधी छोटा नमुना. चौघांना एकेक चिठ्ठी द्यायची, आणि अट अशी की चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची नाही, फक्त वाचून सांगायची. एका चिठ्ठीत लिहिलंय: संख्येला ७ ने निःशेष भाग जातो. दुसरीत: अंकांची बेरीज १० आहे. तिसरीत: संख्या विषम आहे. चौथीत: संख्या दोन अंकी आहे. संख्या ओळखा.

उत्तर ९१. (ही मोठी फसवी संख्या आहे. दिसायला मूळ संख्येसारखी, पण ७ गुणिले १३.) महत्त्वाचं असं की कुठलीही एक चिठ्ठी काढून घेतली तर उत्तर निश्चित होत नाही. 'विषम' नसेल तर २८ही चालते. 'दोन अंकी' नसेल तर २१७ही चालते. ७ची अट नसेल तर १९ आणि ३७ येतात, आणि बेरजेची नसेल तर २१पासून रांगच लागते. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलाच्या हातात 'विषम' आलं, तर गटाला त्याच्याकडे वळून विचारावंच लागतं. कपाटाचा तो कोपरा त्याच्या हातात आहे.

माहितीचे तुकडे वाटून देण्याची ही कल्पना एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात वापरली होती. वेगवेगळ्या वंशाची मुलं तिथे नुकतीच एका वर्गात आली होती आणि त्यांच्यात धुसफूस चालू होती. धड्याचा एकेक भाग एकेकाला दिला, आणि दुसऱ्याचं नीट ऐकल्याशिवाय कोणालाच धडा पुरा कळेना.

पण चिठ्ठ्यांचा खेळ म्हणजे नुसता सराव. मला जास्त आवडणारं उदाहरण हे: सलग येणाऱ्या संख्यांची बेरीज करून १ ते ४० मधल्या कोणकोणत्या संख्या मिळतात?

५ मिळते, कारण २ + ३. ९ दोन प्रकारांनी मिळते: ४ + ५ आणि २ + ३ + ४. १५ तीन प्रकारांनी: ७ + ८, ४ + ५ + ६, आणि १ + २ + ३ + ४ + ५. सुरुवात करायला बेरीज येणं पुरतं, त्यामुळे "मला येत नाही" म्हणायची सोय कोणालाच उरत नाही. चाळीस संख्या एकट्याने तपासायच्या म्हणजे कंटाळवाणं काम, म्हणून मुलं आपणहून वाटून घेतात, आणि इथे ती वाटणी उपयोगाची असते. शून्य धरायचं की नाही यावर हमखास भांडण होतं. ते होऊ द्यावं, कारण व्याख्या म्हणजे काय हे तिथे कळतं. आपण इथे शून्य धरू नये असं ठरवू.

दहाएक मिनिटांनी कोणीतरी म्हणतं, "१६ येतच नाहीये." "नीट बघ, चुकलं असेल." दुसरा तपासतो, त्यालाही येत नाही. मग तिसरी सांगते की तिला ८ मिळाली नव्हती, पण तिला वाटलं आपलंच चुकलं. ट्राइसमनचे एकटे बसणारे विद्यार्थी आठवले का? इथे मात्र तिचं 'चुकलेलं' दुसऱ्याच्या 'चुकलेल्या'शेजारी येऊन बसतं आणि त्याचा पुरावा होतो. सगळ्यांच्या याद्या जोडल्या की न मिळणाऱ्या संख्या दिसतात: १, २, ४, ८, १६, ३२. हा नमुना एकाच्या यादीत दिसलाच नसता.

आता खरा प्रश्न येतो: असं का? सलग घेतलेल्या संख्या मोजून विषम भरत असतील, म्हणजे तीन संख्या, पाच संख्या, सात संख्या वगैरे, तर त्यांची बेरीज म्हणजे मधली संख्या गुणिले किती संख्या घेतल्या ते. म्हणजे बेरजेला एका विषम संख्येने भाग जातो. त्या मोजून सम भरत असतील, म्हणजे दोन, चार, सहा संख्या वगैरे, तर पहिली आणि शेवटची, दुसरी आणि शेवटून दुसरी अशा जोड्या लावा. प्रत्येक जोडीची बेरीज सारखी येते. शिवाय ती विषम असते, कारण जोडीतली एक सम आणि एक विषम असते. म्हणजे याही वेळी बेरजेला १ पेक्षा मोठ्या विषम संख्येने भाग गेला. आणि २, ४, ८, १६ या तर नुसत्या दोनांच्या गुणाकाराने बनलेल्या. त्यांना १ सोडून कुठल्याच विषम संख्येने भाग जात नाही. म्हणून त्या मिळू शकत नाहीत.

हे सगळं एकाला एका दमात सुचणं अवघड आहे, पण चौघांत ते तुकड्यातुकड्याने सुचतं. कोणी मधल्या संख्येचं बघतं, कोणी जोड्यांचं. पूर्ण सिद्धता नाही जमली तरी नमुना सापडल्याचा आनंद खरा असतो, आणि तो कोणी वहीतून उतरवून घेऊ शकत नाही.

पॅट्रिक लाफलिन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये असाच, तर्काने हळूहळू उलगडत नेणारा प्रश्न ७६० विद्यार्थ्यांना दिला: दहा अक्षरांमागे ० ते ९ हे अंक दडलेले आहेत, समीकरणं मांडून ते शोधा. तीन, चार आणि पाच जणांचे गट तितक्याच एकट्यांमधल्या सगळ्यात हुशारापेक्षाही सरस ठरले. दोघांची जोडी फक्त त्या दोघांतल्या हुशाराइतकी चालली. तिघांपुढे माणसं वाढवून फारसा फायदाही दिसला नाही. सहा-सहांचे गट करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

'पण माझी मुलगी हुशार आहे, तिचं नुकसान नाही का?'

या शंकेत तथ्य आहे आणि नाहीही. नोरीन वेब या संशोधिकेने अनेक वर्षं गणिताच्या वर्गांतल्या गटांचं बोलणं टिपून घेतलं. तिला सातत्याने दिसलेली गोष्ट अशी: सविस्तर समजावून सांगणारा खूप शिकतो. समजावून घेणारा त्या समजावण्याचा पुढे स्वतः वापर केला तरच शिकतो. आणि नुसतं उत्तर मिळालेला काहीच शिकत नाही.

एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश हे घ्या. शेजारचा म्हणतो, दोन पंचमांश. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. आपल्या हुशार मुलीने "चूक, पाच षष्ठांश" असं सांगून टाकलं तर तो खोडून लिहील आणि उद्या पुन्हा तेच करेल. पण तिला त्याला पटवायचं असेल, तर तिला त्याच्या चुकीत शिरावं लागतं. "दोन पंचमांश म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी ना? मग तू अर्ध्यात काहीतरी मिळवलंस आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं?" हा प्रश्न सुचायला नुसता लसावि काढता येऊन भागत नाही, अपूर्णांक ही संख्या म्हणून दिसावी लागते. तो शोधताना ती मुलगी स्वतः एक पायरी वर चढते.

तथ्य कुठे आहे ते सांगतो. प्रत्येक तासाला तिला बिनपगारी शिकवणीवाली करून ठेवलं, आणि उदाहरणं तिला आधीच येणारी असली, तर ती कंटाळेल आणि चिडेल. चिडायलाच हवं. तिलाही अडवणारं काहीतरी समोर हवं. १६ का येत नाही, हा प्रश्न तिलाही सहज सुटत नाही.

'आणि न बोलणाऱ्या मुलांचं काय?'

गटात कोण बोलतं हे कोणाला किती येतं यावरून ठरत नाही, तर कोणाला किती येतं असं इतरांना वाटतं त्यावरून ठरतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एलिझाबेथ कोहेन यांनी यावर मोठं काम केलं. वर्गात हुशार म्हणून शिक्का बसलेला मुलगा जास्त बोलतो, जास्त बोलतो म्हणून जास्त शिकतो, आणि शिक्का आणखी पक्का होतो. 'ढ' म्हणून शिक्का बसलेल्याचं बरोबर उत्तरही कोणी ऐकत नाही. कोहेन यांचा एक उपाय साधा होता: अशा मुलाने खरोखर काही चांगलं केलं की शिक्षकाने ते सगळ्यांदेखत, नेमक्या शब्दांत सांगायचं. "शाब्बास" म्हणून भागत नाही. "जोड्या लावायची कल्पना याची होती, आणि तिच्यामुळे तुमचं कोडं सुटलं" असं म्हणायचं. खोटं कौतुक मात्र मुलं तत्काळ ओळखतात.

याशिवाय गटात बसण्याआधी पाच मिनिटं प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, अशी वेळ राखून ठेवली की बुजऱ्या मुलाच्या हातात सांगण्यासारखं काहीतरी असतं. बर्कलीतले यशस्वी विद्यार्थीही आधी एकटेच बसत होते, हे विसरून चालणार नाही. आणि गट चिठ्ठ्या टाकून, सगळ्यांसमोर करावेत. कॅनडातले गणितशिक्षणाचे संशोधक पीटर लिल्येदाल यांचाही हाच आग्रह आहे. तीन जण, उभं राहून, एक फळा आणि लिहायला एकच पेन. शिक्षकाने 'विचारपूर्वक' केलेल्या गटात आपल्याला कशासाठी घातलंय, हे मुलांना बरोबर कळतं.

'सगळे मिळून चुकीचंच शिकले तर?'

शक्य आहे. पण वाटतं तितकं नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका महाविद्यालयीन जनुकशास्त्राच्या वर्गात हे तपासलं गेलं. विद्यार्थी आधी एकट्याने उत्तर देत, मग शेजाऱ्यांशी चर्चा करत, आणि मग त्याच कल्पनेवरचा नवा प्रश्न पुन्हा एकट्याने सोडवत. सुरुवातीला गटात बरोबर उत्तर कोणालाच माहीत नसावं, अशा ठिकाणीही चर्चेनंतर सुधारणा दिसली. तरी तासाच्या शेवटी शिक्षकाने सगळे धागे फळ्यावर एकत्र आणायलाच हवेत. ते न करता घंटा झाली तर अर्धवट कल्पना तशाच घरी जातात.

'थोर गणिती एकटेच काम करत होते ना?'

ब्रिटिश गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांनी फर्माच्या शेवटच्या प्रमेयावर, म्हणजे साडेतीनशे वर्षं न सुटलेल्या एका कोड्यावर, सुमारे सात वर्षं जवळपास गुप्तपणे काम केलं, हे खरं. १९९३ मध्ये त्यांनी सिद्धता जाहीर केली, आणि मग ती तपासताना तिच्यात एक भोक सापडलं. ते बुजलं १९९४ मध्ये, त्यांचे पूर्वीचे विद्यार्थी रिचर्ड टेलर मदतीला आल्यावर. हंगेरियन गणितज्ञ पॉल एर्डिश यांनी सुमारे १,५०० शोधनिबंध लिहिले, आणि त्यांचे सहलेखक ५००हून अधिक होते.

'प्रत्येक तास असाच घ्यायचा का?'

नाही. इथे गटाचे उत्साही पुरस्कर्ते माझ्यावर नाराज होतील. आपलं डोकं एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवू शकतं. उदाहरण साधं असेल तर ती जागा एकट्यालाही पुरते, आणि मग दुसऱ्याशी बोलणं, त्याचं ऐकणं, थांबणं हाच जादा भार होतो. उदाहरण एकट्याच्या डोक्यात मावणार नाही इतकं गुंतागुंतीचं असेल, तेव्हाच तो भार वाटून घ्यायला माणसं लागतात. पाढे, भागाकाराची रीत, समीकरणात पद इकडून तिकडे नेणं या गोष्टी शिक्षकाने नीट सोडवून दाखवाव्यात आणि मुलांनी आपापल्या वहीत गिरवाव्यात. त्यासाठी टेबलं जोडायची गरज नाही.

गुणांचं काय करायचं

सगळा डोलारा बहुतेक वेळा इथे कोसळतो. गटाला मिळून एक गुण दिला, की आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्याची सोय होते. प्रत्येकाला फक्त आपापले गुण दिले, की दुसऱ्याला समजावून सांगण्यात कोणाला काय रस? रॉबर्ट स्लॅव्हिन यांनी गटशिक्षणाच्या प्रयोगांचा आयुष्यभर आढावा घेतला आणि ते दोन अटींवर ठाम राहिले: ध्येय गटाचं असावं, आणि ते प्रत्येकाच्या स्वतःच्या शिकण्यावर अवलंबून असावं. परीक्षा शेवटी एकट्यालाच द्यायची आहे, ही पालकांची तक्रारही यात बसते.

याची सोपी रीत अशी. गट काम करतो, उत्तरापर्यंत पोचतो. मग चार नावांच्या चिठ्ठ्यांतून एक निघते, आणि त्या मुलाने किंवा मुलीने फळ्यापाशी जाऊन सांगायचं की हे असं का झालं. उत्तर काय, ते नाही, का झालं ते. मदतीला कोणी यायचं नाही. गुण दिलेच तर त्या सांगण्यावर. नाव कोणाचंही निघू शकतं हे आधीपासून ठाऊक असलं की शेवटच्या चार मिनिटांत टेबलावर जो गलका होतो, त्यात लक्ष देऊन कान लावावा. त्यात हमखास एक आवाज असतो, तासभर गप्प बसलेल्या मुलाचा: "थांबा थांबा, मला अजून नाही कळलं. जोडी विषमच का येते, ते पुन्हा सांग."